ओटिस पेंबर्टन हयात आहेत

घरातला गोंद संपला होता, एवढंच निमित्त. कामोठ्यात आमच्या बिल्डिंगच्या खालीच स्टेशनरीचं दुकान आहे. पण मी म्हटलं, ऑफिसात गोंद फुकट आहे, तिथेच पाकीट चिकटवू. (सरकारी गोंदाने खाजगी पाकीट चिकटवू नये असा नियम कुठेही लिहिलेला नाही. मी शोधून पाहिलं आहे.) या एका निर्णयापायी अमेरिकेतल्या ओहायोत एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला नोटरीकडे जावं लागलं, बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका घरात आठ दिवस कुणाला धड जेवण गेलं नाही, आणि माझं जे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण ते आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

आधी ओळख करून देतो. मी उदयसिंह निकम, मूळचा साताऱ्याकडचा, बेलापूरच्या खाडी देखभाल मंडळात पेन्शन शाखेचा सीनियर क्लार्क. आमच्याकडून निवृत्त झालेल्या प्रत्येकाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे 'मी अजून जिवंत आहे' असं सही करून कळवावं लागतं. ती सही फायलीतल्या जुन्या सहीशी जुळते का, हे मी बघतो. जुळली तर माणूस जिवंत, नाही जुळली तर फॉर्म परत. (बाकी सगळीकडे हे आता मोबाईलला चेहरा दाखवून होतं म्हणे. आमच्या मंडळाचा मोबाईलवर विश्वास नाही, आणि माझा चेहऱ्यावर नाही.) एकवीस वर्षं हे काम करून संशय माझ्या हाडात मुरला आहे. आमची तेजश्री म्हणते, "तुम्ही लग्नात मंगळसूत्र घालायच्या आधी पण माझ्या आधार कार्डावरचा फोटो बघितला असता, तेव्हा आधार नव्हतं म्हणून वाचले."

आता माझा छंद. अमेरिकेतल्या निवृत्त बास्केटबॉल खेळाडूंच्या सह्या मी टपालाने गोळा करतो. शाळेत मी बास्केटबॉलच्या टीममध्ये होतो. (उंची पाच फूट चार इंच. तीन वर्षांत एकूण अकरा मिनिटं खेळलो, त्यातली चार मिनिटं समोरच्या टीमला वाटत होतं की मी बॉल आणून देणारा आहे.) आमच्या खेळाच्या सरांनी सामानाच्या खोलीच्या दारावर एका मासिकातलं चित्र चिकटवलं होतं. चित्रातला माणूस हवेत होता आणि त्याचा खाली यायचा विचार दिसत नव्हता. खाली नाव होतं, ओटिस पेंबर्टन. मी राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसायचो त्या बाकाच्या बरोबर समोर ते चित्र होतं, त्यामुळे मी खेळापेक्षा पेंबर्टनलाच जास्त पाहिलं.

सही मिळवायची पद्धत सोपी आहे. एक आदराचं पत्र, खेळाडूचा फोटो, आणि परतीचं पाकीट, ज्यावर अमेरिकेचं तिकीट आणि आपला पत्ता आपणच घालायचा. त्यामुळे होतं काय, की पाकीट येतं अमेरिकेहून आणि अक्षर असतं माझं. पहिलं आलं तेव्हा तेजश्रीने ते उजेडात धरलं.

"अहो, हे तुमचंच अक्षर आहे."

"हो."

"स्वतःच स्वतःला पत्र टाकता?"

"अमेरिकेहून आलंय ते."

"अमेरिकेहून तुम्ही टाकलं?"

मी समजावून सांगितलं. तिला पटलं नाही, आणि खरं सांगू, मलाही पुरतं पटत नाही. कारण म्हाताऱ्या खेळाडूच्या नावाने सही कोण करतं काय ठाऊक. सेक्रेटरी करतो, मशीन करतं, बायको करते. मी एक वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: 'खरी', 'संशयित' आणि 'बायकोने केलेली'. सहा वर्षांत चौदा सह्या आल्या. पैकी आठ संशयित, सहा बायकांच्या. 'खरी'चा रकाना कोराच होता. तो मी पेंबर्टनसाठी राखून ठेवला होता, पण पेंबर्टन कुणालाच सही देत नाही, गेली चाळीस वर्षं दिलेली नाही. जगभरचे छांदिष्ट त्याच्यापुढे हात टेकून बसले होते. मला त्याची एक सही हवी होती. बाकी आयुष्यात फार काही मागितलं नाही मी.

तर सप्टेंबरात एके दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी टेबलावर दोन पाकिटं घेऊन बसलो. एक ओहायोला पेंबर्टनसाठी. दुसरं ऑफिसचं, दिवाळ्याला वामन धर्मा कोळींसाठी. हे वामनदादा मंडळाच्या होडीवर खलाशी होते. ऑगस्टात घरात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आता खाटेवरच असतात, म्हणून त्यांचा हयातीचा फॉर्म यंदा टपालाने घरी पाठवायचा होता. (मागच्या वर्षी त्यांची सही जुळत नाही म्हणून मी फॉर्म तीनदा परत पाठवला होता. हात थरथरतो म्हणे. फायलीतली सही थरथरत नव्हती, मग मी काय करू?) दोन्हीकडची परतीची पाकिटं आधीच आत सरकवली होती. गोंदाचा ब्रश उचलला, आणि मागून आमच्या अधीक्षक राजेश्वरी मॅडम आल्या.

"निकम, काय चाललंय?"

"पेन्शनचं काम, मॅडम."

"सुट्टीत?"

पेन्शन शाखेत सुट्टीत काम करणारा माणूस संशयास्पदच. त्या जागच्या हलल्या नाहीत. मी चेहरा सरळ ठेवून, त्यांच्या डोळ्यांत बघत, हाताला लागले ते कागद हाताला लागलेल्या पाकिटात घातले, गोंद फासला आणि वर मूठ आपटली. मॅडम गेल्या. मी निवांतपणे डबा उघडला. भरलं वांगं होतं, फार छान झालं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी वामनदादांच्या बायको गोजराकाकू ऑफिसात आल्या. हातात आमचं परतीचं पाकीट, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काहीतरी वस्तू. सुक्या बोंबलांचा वास शाखाभर पसरला.

"सायब, सई केली यांनी. आंगठा पन दिला. दोन साक्षीदार पन घेतलं. यंदा परत पाठवू नको."

मी पाकीट उघडलं. आत ओटिस पेंबर्टन होता. हवेतच होता, पण आता त्याच्या डाव्या मांडीवर थरथरत्या अक्षरात 'वामन धर्मा कोळी' असं लिहिलेलं होतं, उजव्या मांडीवर निळा अंगठा होता आणि बॉलवर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या.

"काकू, फोटोवर सही कशाला केली?"

"मी पन त्याच बोलले, ह्यो मानूस कोन? तं हे बोलले, गप ऱ्हा. मागच्या वर्साला तीन वेला परत केलान फॉर्म. आता नवा नियम आला असंल. हापिस सांगंल तिथं सई करायची, इचारायचा नाय."

"आणि पत्र? त्यात इंग्रजी पत्र होतं ना?"

काकूंचा चेहरा उतरला. पत्र त्यांच्या नातीने, मनस्वीने, मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगितला होता. पत्र माझंच, पेंबर्टनला लिहिलेलं, त्यामुळे मजकूर मला पाठ होता: 'पस्तीस वर्षं मी तुमच्याबद्दल मिळेल ती माहिती जमवतो आहे. तुम्ही काय काय केलंत ते सगळं मला माहीत आहे. लोक म्हणतात तुम्ही सही करत नाही, पण माझी खात्री आहे की तुम्ही माझ्यासाठी कराल.' खाली माझी झोकदार इंग्रजी सही.

पेन्शन शाखेकडून असं पत्र आलं तर माणसाने काय समजायचं? घरात आठ दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं. वामनदादांनी खाटेवर पडल्या पडल्या सगळं आयुष्य आठवून काढलं आणि नवव्या दिवशी कबुली दिली. काकूंनी वर्तमानपत्र सोडलं. आत साहेबांच्या टेबलावरची पितळी घंटी होती.

"त्येंला लई आवाज आवडायचा हिचा," काकू हळूच म्हणाल्या. "रिटायर झाले तवा पिशवीत टाकलान. तुमाला सगला ठावं हाय तं लपवून काय करू? घ्या. पन पेन्शन बंद करू नको, सायब. त्येंची दवा चालू हाय."

ती घंटी अकरा वर्षांपूर्वी हरवली होती आणि अकरा वर्षं माझा संशय राजेश्वरी मॅडमवर होता. "काकू, काळजी करू नका, होऊन जाईल," असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. त्यांनी जाताना हात जोडले. मला स्वतःची शरम वाटली, ती डबा खातानाही गेली नाही.

म्हणजे वामनदादांचा फॉर्म ओहायोला. आमच्या फॉर्मवर नंबर असतो. एका माणसाला एका वर्षी एकच फॉर्म. दुसरा हवा असेल तर पहिला परत करायचा, नाहीतर तो हरवल्याची पोलिसांची नोंद आणायची. हा नियम कोणी केला म्हणून विचाराल तर मीच, सात वर्षांपूर्वी. त्याबद्दल मला प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. आणि तीस नोव्हेंबरपर्यंत फॉर्म आला नाही तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते, हा त्याहून जुना नियम.

मी पोलीस चौकीत गेलो.

"काय हरवलं?"

"सरकारी फॉर्म."

"कुठे हरवला?"

"तसा हरवला नाही. कुठे आहे ते माहिती आहे."

"कुठे?"

"अमेरिकेत."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. नंतर दारातून बाहेर, माझ्याबरोबर आणखी कोणी आहे का, ते बघितलं. "तुम्ही राहता कुठे? घरी कोण कोण असतं?" असं त्यांनी इतक्या मायेने विचारलं की मी उठून आलो.

मग महिनाभर मी फक्त वाट बघितली. रोज संध्याकाळी बिल्डिंगखालच्या टपालपेटीत हात घालून बघायचो. वॉचमनला संशय आला. सोसायटीच्या ग्रुपवर 'टपालपेट्यांपाशी घुटमळणाऱ्या इसमापासून सावध राहा' असा मेसेज आला, त्यावर मीही अंगठ्याचं चित्र टाकलं.

चोवीस नोव्हेंबरला पाकीट आलं. अक्षर माझंच. तेजश्रीने ते जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. मी उघडलं. आत वामनदादांचा फॉर्म होता, आणि 'पेन्शनधारकाची सही' या चौकटीत, जरा थरथरत्या पण रुबाबदार अक्षरात, ओटिस पेंबर्टन.

शेजारी नोटरीचा उठावाचा शिक्का. सोबत टाइप केलेलं पत्र. त्याचा अर्थ असा:

'महोदय, आपल्या फॉर्ममधलं मला काही वाचता आलं नाही. इंग्रजीत दोनच ओळी आहेत: सही इथे करा, आणि न केल्यास पेन्शन थांबेल. आपल्याकडे माझं पेन्शन आहे हे मला माहीत नव्हतं. माझी मुलगी म्हणते ही फसवणूक आहे. पण या वयात सरकारी कागदाशी वाद घालू नये, असं माझं मत आहे. मी चाळीस वर्षांत कुणाला सही दिलेली नाही. इथे द्यावी लागली. ती नोटरीसमोर केली आहे. या पत्रावर सही केलेली नाही, कारण तशी मागणी नाही. मी जिवंत आहे. कृपया पोच कळवावी.'

मी ते दोनदा वाचलं. माझे डोळे भरून आले. पस्तीस वर्षं. आणि खरी, नोटरीसमोरची, अस्सल सही. ना सेक्रेटरी, ना मशीन, ना बायको.

"लॅमिनेट करतो," मी म्हणालो.

"आणि वामनदादा?" तेजश्री म्हणाली.

"त्यांचं बघू काहीतरी."

"काय बघू? हा कागद दिल्याशिवाय त्यांना दुसरा मिळत नाही, हे तुम्हीच मला महिनाभर सांगताय."

"पण दिला की त्याच्यावर रद्दचा शिक्का मारतात, तेजू. सहीवर."

"मग मोबाईलवर फोटो काढून ठेवा."

"फोटोतली सही ही सही नसते."

ती उठली. "त्या म्हातारीने घंटी आणून दिली हो," एवढंच म्हणाली आणि ताटं काढायला गेली.

मी तीन दिवस काढले. कागद बॅगेत घालून ऑफिसला न्यायचो आणि बॅगेतूनच परत आणायचो. तिसऱ्या दिवशी राजेश्वरी मॅडमनी माझी बॅग माझ्या पोटाशी धरलेली बघितली आणि म्हणाल्या, "निकम, तुमचं काय चाललंय?" मला राहवलं नाही. गोंदापासून घंटीपर्यंत सगळं सांगितलं. घंटी त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी घंटीकडे बघितलं. "अकरा वर्षं मला वाटत होतं ती तुम्ही नेली."

मग त्यांनी फॉर्म हातात घेतला, वामनदादांची फाईल मागवली आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून चष्म्यातून बराच वेळ बघितल्या.

"जुळत नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ती अमेरिकन माणसाची आहे."

"तेच म्हणतेय. शिक्का मारा."

मी शिक्का उचलला आणि फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे काही नव्हतं तिथे, हलकेच टेकवायला गेलो.

"सहीवर, निकम. परिपत्रक तुमचंच आहे."

मी डोळे मिटून मारला. उघडले तेव्हा ओटिसचा 'ओ' तेवढा शिल्लक होता. बाकी सगळं रद्द. मॅडमनी फॉर्म फायलीला लावला आणि नवा फॉर्म माझ्या हातात दिला.

एकोणतीस तारखेला, शनिवारी, मी स्वतः दिवाळ्याला गेलो. वामनदादा खाटेवर उशीला टेकून बसले होते. गोजराकाकूंनी पाणी आणलं, आणि मी आलोय म्हटल्यावर शेजारची चार माणसंही आली. मी सगळा घोळ कबूल केला, चूक झाली म्हणालो, हातही जोडले, आणि नवा फॉर्म पुढे केला. वामनदादांनी तो घेतला नाही.

"घंटी पोचली?"

"पोचली."

"मंग पावती द्या. आदी पावती, मंग सई."

रास्तच होतं. मी वहीच्या पानावर 'पितळी घंटी एक, मिळाली' असं लिहिलं आणि खाली ऑफिसात करतो तशी मराठी सही केली. दादांनी पान घेतलं, चष्मा लावला आणि उशीखालून माझं ते इंग्रजी पत्र काढलं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. इतक्या शांतपणे तर मीही बघत नाही.

"जुलत नाय," ते म्हणाले.

"दादा, ती इंग्रजी सही आहे, ही मराठी. माणूस मीच."

"मागच्या वर्साला मी पन त्याच बोललो व्हतो. हात कापतो, पन मानूस मीच हाय. तवा तुमी काय बोललाव?"

मी काय बोललो होतो ते मला चांगलं आठवत होतं. नियमात बसत नाही, असं बोललो होतो. तेही तीन वेळा.

"आयकार्ड हाय?"

आयकार्ड घरी होतं. शनिवारी कोण आयकार्ड घालतं?

"गोजरा, शाईचा डबा आन."

काकूंनी माझा डावा हात धरला. एकवीस वर्षं मी लोकांचे अंगठे घेतले, पण अंगठा इतका घट्ट धरायचा असतो हे मला माहीत नव्हतं. शाई लावली, कागदावर दाबला, एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवला. खाली दोन शेजाऱ्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. दादांनी कागद उजेडात धरून बघितला, फुंकर मारून वाळवला आणि मग सावकाश, थरथरत्या हाताने, नव्या फॉर्मवर सही केली. चार मिनिटं लागली. मी ती कशाशीही ताडून बघितली नाही.

माझ्या वहीतला 'खरी'चा रकाना आता कोरा नाही. तिथे पेंबर्टनचा तो फोटो लावला आहे. मांडीवर वामन धर्मा कोळी, अंगठ्यासकट, दोन साक्षीदारांसह. ओहायोला पोचही पाठवली: 'आपला दाखला मिळाला. मंडळाच्या माहितीप्रमाणे आपण हयात आहात.' (मराठी सही केली आणि तिच्याखाली इंग्रजीही केली, नको ती भानगड.)

पण त्या दिवशी मी फॉर्म घेऊन उंबऱ्यापर्यंत आलो तेव्हा वामनदादांनी मागून हाक मारली. माझ्या अंगठ्याचा कागद ते पत्र्याच्या पेटीत नीट घडी करून ठेवत होते.

"फुडच्या नोव्हेंबरला परत या, सायब. दरवर्साला आंगठा देऊन जायचा. तुमी जिता हाव का नाय, हे आमाला कसा समजनार?"

मी हो म्हणालो. एक ते तीस नोव्हेंबर, मुदत तीच ठेवली आहे त्यांनी.